पाणी कुणाचं किती

मारुतीराव वकिलांनी बेळगावच्या कोर्टात आयुष्यभर साक्षीदार पढवले होते. विचारलं तेवढंच सांगायचं, हो किंवा नाही एवढंच सांगायचं, आणि ‘माहीत नाही’ हे शब्द घरी ठेवून यायचं, अशी त्यांची शिकवण. शहापूरच्या त्यांच्या ऑफिसातल्या लाकडी बाकावर बसून कितीतरी भेदरलेली माणसं ठाम होऊन बाहेर पडली होती. सख्ख्या पुतणीला पढवायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. सौम्याला ओळखणाऱ्या कुणालाही ते काम सोपं वाटलं नसतं.

सुनावणी उद्यावर आली होती. सौम्या सकाळीच पुण्याहून मळेवाडीला येऊन पोचली होती. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती पावसाचा अभ्यास करायची. मारुतीराव कागदांची पिशवी घेऊन जेवायच्या वेळेलाच भावाच्या दारात उतरले. थोरले भरमाण्णा पडवीत बसले होते, त्यांनी नुसती मान हलवली. आत वैनी जयाबाई भाकरी थापत होत्या आणि सौम्याचा धाकटा भाऊ साईराज फोनवर कुणाला तरी मोठ्या आवाजात सांगत होता, की आक्का आलीय, उद्या कंपनीवाल्यांची तोंडं बघायला या.

कंपनीवाले म्हणजे नव्या रस्त्याचे. रस्ता शिवाराच्या मधून उंच भरावावरून गेला, तेव्हा पूर्वापार वाहणारा नाला त्या भरावाखाली अडकला आणि पाण्याला जायला एक मोरी तेवढी उरली. गेल्या पावसाळ्यात पाणी त्या मोरीशी तुंबलं आणि मागे फिरलं. बासमती ऐन फुटव्यावर होती, सगळी कुजली. पाणी ओसरल्यावर शिवारात जो वास सुटला होता, तो मारुतीरावांच्या नाकातून अजून गेला नव्हता. कंपनीने गावाला दोनच शब्द ऐकवले, हवामान बदल. निसर्ग कोपला, त्याला आम्ही काय करणार. उद्या अधिकारी बाई दोन्ही बाजू ऐकून ठरवणार होत्या, की भराव फोडून मोरी मोठी करायची, की पूर नैसर्गिक होता असं म्हणून फाईल बंद करायची. फाईल बंद झाली असती तर दर पावसाळ्यात मळेवाडीचं शिवार असंच पाण्याखाली जाणार होतं. भरमाण्णांची सगळी जमीन त्याच शिवारात होती.

तेव्हापासून कंपनीचे ते दोन शब्द गावात कुणी उच्चारले तरी भांडण लागायचं. कंपनी म्हणते पाऊस बदलला, तर आपण म्हणायचं पाऊस अजिबात बदललेला नाही, असं साईराजने मनाशी पक्कं केलं आणि गावाला पटवलंही. गावातल्या पुरुषांना देवळात गोळा करून त्याने एकेकाला भंडारा उचलायला लावला. ‘आमच्या गावाचा पाऊस पूर्वापार होता तसाच आहे, दोष फक्त भरावाचा आहे,’ हे एकच वाक्य सगळ्यांनी सुनावणीत म्हणायचं ठरलं. वाक्य मारुतीरावांनी लिहून दिलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. देवापुढची हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची या भागात कुणाची छाती होत नाही, त्यामुळे साक्षीदार फुटण्याची भीती उरली नव्हती. एखाद्या शिकलेल्या माणसाने त्यावर शिक्का मारला की झालं, आणि तो माणूस घरातच होता.

ताटावर बसल्या बसल्या मारुतीरावांनी सौम्याला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने घास थांबवून ऐकलं.

“हे मला म्हणता येणार न्हाय, काका,” ती म्हणाली. “पाऊस बदललाय.”

साईराजचा हात ताटातच राहिला. मारुतीरावांनी समजुतीच्या सुरात विचारलं, की आपल्या गावात नेमका किती बदलला. तिने सांगितलं, की एका गावापुरतं नेमकं सांगता येत नाही.

“बघा, हिलाच ठाव न्हाय,” साईराज म्हणाला. “मग बदलला न्हाय म्हणायला काय जातंय हिचं?”

“मला ठाव न्हाय म्हणून मी काय बी म्हणू व्हय रं?”

साईराजने मग फोन काढला. त्याच्याकडे कुणा परदेशी प्राध्यापकाचा व्हिडिओ होता. हवामान बदल हे सगळं थोतांड आहे, शास्त्रज्ञांचं आपसातच पटत नाही, असं तो माणूस तावातावाने सांगत होता. मारुतीरावांना वाटलं, आता ही चिडणार. पण सौम्याने जेवण बाजूला ठेवून तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मधला एक भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला, आणि त्या माणसाच्या बोलण्यातलं काय बरोबर आहे ते आधी सांगितलं. ढगांचं गणित अजून नीट बसत नाही हे त्याचं म्हणणं खरं आहे, आमच्या संस्थेत त्यावरून रोज भांडण होतं. पण त्यावरून बाकी सगळं खोटं ठरतं असं तो म्हणतो, ते चूक. ज्याच्याशी भांडायचं त्याचं आधी एवढं मन लावून ऐकणारं माणूस मारुतीरावांनी बार असोसिएशनमध्येही पाहिलं नव्हतं. अर्थात त्या क्षणी त्यांना त्याचं कौतुक वाटलं नाही, रागच आला.

“कंपनीचं म्हणणं तूच त्यांच्या पदरात घालणार, आक्का,” साईराज म्हणाला. “मी शिवारभर सांगून आलोय तुझं नाव.”

ती त्याच्याकडे न बघता वडिलांकडे वळली. “आप्पा, धूळवाफ का सोडली तुम्ही?”

भरमाण्णा हात धुवायला उठले.

पाऊस पडायच्या आधी कोरड्या, धुळीसारख्या मातीत पाभरीसारख्या कुरीने भात पेरायचं, म्हणजे धूळवाफ. मळेवाडीत कित्येक पिढ्या तशीच पेरणी झाली होती. पण अलीकडे कधी वळीवच एवढा कोसळायचा की मातीची धूळच होत नसे, तर कधी भात उगवून आल्यावर पाऊस दडी मारायचा आणि कोंब करपून जायचे. एकामागून एक सगळ्यांनी धूळवाफ सोडली आणि रोप लावायला सुरुवात केली. देवळात भंडारा उचलणाऱ्या हातांत धूळवाफ न सोडलेला एकही हात नव्हता. हे मारुतीरावांना माहीत होतं, वाक्य लिहितानाही माहीत होतं. पण कोर्टकचेरीत जन्म गेलेल्या माणसाला अशा गोष्टी नजरेआड करायची सवय असते.

जेवणानंतर सौम्या टेप आणि लॅपटॉप घेऊन शिवाराकडे गेली. साईराज तिच्याबरोबर गेला नाही. मारुतीराव पडवीत कागद चाळत बसले होते आणि मनाशी ठरवत होते, की उद्या साक्षीदारांच्या यादीतून हिचं नाव काढून टाकायचं. बाकी गाव एका आवाजात बोलेल, ही गप्प बसली तरी पुरे. तेवढ्यात जयाबाई सुपारी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

“भावजी, पोरीला पढवू नका,” त्या म्हणाल्या.

मारुतीरावांनी हसून विचारलं, की वैनी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या. जयाबाईंनी सांगितलं, की बायकांना भंडारा कुणी दिलाच नव्हता, त्यामुळे त्या कुणाच्या बाजूच्या हे विचारायचा कुणाला हक्क नाही. मग सुपारी कातरता कातरता त्यांनी भरमाण्णांच्या आजारपणाची आठवण काढली. बेळगावच्या कॅम्पातल्या दवाखान्यात भरमाण्णा बेशुद्ध पडून होते, आणि येणारा प्रत्येक जण जयाबाईंना सांगत होता, की काही होत नाही, उद्या उठून बसतील. मारुतीरावांनीही तेच सांगितलं होतं.

“तुमचं कुणाचंच मला खरं वाटंना,” जयाबाई म्हणाल्या. “सौम्या तेवढी म्हटली, आई, वाचतील का न्हाय ते मला ठाव न्हाय, डॉक्टरास्नी बी ठाव न्हाय. पण ताप उतराय लागलाय, ते मी सोता बघितलंय. मग मी तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपले. तवर माझा डोळा लागला न्हवता बघा.”

त्या उठून आत गेल्या. मारुतीरावांनी कागद पुन्हा हातात घेतले, पण वाचण्यात लक्ष लागेना. तरीही घरी निघताना त्यांनी यादीतल्या सौम्याच्या नावावर काट मारलीच.

दुसऱ्या दिवशी गावचं समुदाय भवन खच्चून भरलं होतं. अधिकारी बाई खानापूरच्या मराठी भागात वाढलेल्या, त्यामुळे कन्नडात विचारायच्या आणि मराठीत ऐकायच्या. शेजारी कारकून लिहून घेत होता. पहिल्या शेतकऱ्याने पाऊस पूर्वापार होता तसाच असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्यानेही तेच. चौथा आण्णाप्पा उभा राहून ‘आमच्या गावाचा’ एवढंच म्हणाला, तर उरलेलं वाक्य बाईंनीच पुरं केलं. मागे कुणीतरी हसलं. मारुतीराव खाली बघत राहिले. आपलंच वाक्य त्यांना इतकं बेचव कधी लागलं नव्हतं.

कंपनीच्या बाजूने नागेंद्र नावाचे सल्लागार आले होते. शांत, नीटनेटका माणूस. त्यांनी पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले आणि सांगितलं, की गेल्या वर्षी त्या दोन दिवसांत पडला तेवढा पाऊस या भागात नोंदीतच नाही, हा सरळ सरळ हवामान बदल आहे आणि त्यापुढे कुठलीही मोरी टिकली नसती. गावकरी भावनेच्या भरात शास्त्र नाकारत आहेत, याचं त्यांना वाईट वाटतं. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, की याच गावची एक मुलगी पुण्यात पावसाची शास्त्रज्ञ आहे असं ऐकलं. तिचं नाव यादीतून का काढलं ते माहीत नाही, पण आमची हरकत नाही, तिलाच विचारू या.

सौम्या उठून पुढे गेली. तिच्या हातात एकही कागद नव्हता.

नागेंद्रांनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की वकिलाने विचारावा. “या भागातला पाऊस बदललाय, हे तुम्हाला मान्य आहे?”

“हो.”

सभागृहात कुजबूज झाली. साईराजने मान फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

“म्हणजे गेल्या वर्षीचा पूर हवामान बदलामुळे आला.”

“ते मला माहीत नाही,” सौम्या म्हणाली.

मारुतीरावांनी डोळे मिटून घेतले. पण ती थांबली नव्हती. हवा तापली की जास्त वाफ धरते आणि घाटमाथ्याच्या या पट्ट्यात जोराच्या पावसाचे दिवस वाढलेत, एवढं खात्रीने सांगता येतं, असं ती म्हणाली. एका गावावर पडलेल्या एका पावसाचं तसं नाही. त्यातला किती वाटा बदललेल्या हवेचा आणि किती नेहमीच्या लहरीपणाचा, यावर आमच्यातच एकमत नाही. मी माझा आकडा सांगितला, तर माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ तो लगेच कमी करतील, आणि त्यांचंही म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. ती हे अशा सरळपणे सांगत होती की बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या तिच्याकडे बघायला लागल्या.

नागेंद्र हसले. “म्हणजे शास्त्रज्ञांना काहीच माहीत नाही, असं लिहून घ्यायचं?”

“नाही. माहीत नाही ते लिहिलंत, आता माहीत आहे तेही लिहून घ्या.” ती अधिकारी बाईंकडे वळली. “काल मी मोरी आणि जुना नाला मोजून गणित केलंय. आमच्या बांधाशी पाणी कमरेएवढं चढलं होतं. तेवढाच पाऊस पडून नाला पूर्वीइतका मोकळा असता, तर ते गुडघ्याच्या आसपास राहिलं असतं. घोट्याशी थांबलं असतं की मांडीपर्यंत आलं असतं, ते मला सांगता येत नाही. पण कमरेपर्यंत आलं नसतं. आणि एका दिवसात उतरलं असतं, भात कुजलं नसतं.”

कारकुनाने लिहायचं थांबून तिला ‘घोट्याशी’ पुन्हा सांगायला लावलं. नागेंद्रांनी विचारलं, की तुमचं स्वतःचं शेत त्याच शिवारात आहे ना. तिने हो म्हटलं. म्हणूनच गणित करताना मी पावसाचा आकडा माझा धरला नाही, तुमच्या अहवालातला धरला, असंही तिने सांगितलं.

तेव्हा मारुतीरावांना उमगलं, की त्यांच्या डोळ्यांदेखत काय चाललं आहे. उभ्या आयुष्यात त्यांनी असा साक्षीदार पाहिला नव्हता. समोरच्याला जे जे द्यायला हवं ते सगळं तिने आधीच देऊन टाकलं होतं, आता तिच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या त्या मुलीने ‘कमरेपर्यंत आलं नसतं’ म्हटलं, तेव्हा त्या सभागृहात ते खोटं मानायला कुणीही तयार नव्हतं, नागेंद्रसुद्धा नाही. आणि हिच्या नावावर आपण काट मारली होती. त्यांना आपली लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला.

“मला एक विचारायचं आहे,” सौम्या नागेंद्रांना म्हणाली. आवाजात कुठे खोच नव्हती. “पाऊस वाढलाय असं तुम्ही म्हणता, मीही म्हणते. मग मोरी जुन्या नाल्यापेक्षा लहान का ठेवली?”

नागेंद्रांनी लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ते बघून सांगावं लागेल, असं ते म्हणाले. चालेल, आता माहीत नसेल तर तसंच लिहू द्या, असं ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. नागेंद्रांनी मान खाली घालून कारकुनाला तसं लिहायला सांगितलं, हा मात्र त्यांचा मोठेपणाच म्हटला पाहिजे.

यादीत शेवटचं नाव भरमाण्णांचं होतं. ते उभे राहिले, टोपी नीट केली. बाईंनी या वेळी वाक्याची वाट पाहिली नाही. मराठीतच विचारलं, “आजोबा, तुमच्या गावचा पाऊस बदललाय का?”

भरमाण्णांनी सौम्याकडे पाहिलं. साईराज खिडकीकडची मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागला होता.

“बाईसाहेब, मी देवळात भंडारा उचललाय,” भरमाण्णा म्हणाले. “त्यामुळं मला काय बोलता येत न्हाय. माझ्या पोरीनं उचललेला न्हाय. तिनं सांगितलंय तेच माझं म्हणून लिवून घ्या.”

बाई याच भागातल्या, त्यांना भंडारा काय ते सांगावं लागलं नाही. मग आण्णाप्पा आपल्या जागेवरून उठला आणि म्हणाला, माझंबी तसंच लिवा. त्याच्यामागून आणखी दोघे उठले. भंडारा कुणी मोडला नव्हता, आणि खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं.

बाईंनी मारुतीरावांकडे पाहिलं. गावाच्या वतीने लेखी म्हणणं त्यांनीच दिलं होतं. तेवढ्या पावसाला मोरी किती मोठी हवी, याबद्दल वकीलसाहेबांचं म्हणणं काय, असं त्यांनी विचारलं.

मारुतीराव उठले. “माझं लेखी म्हणणं मी मागं घेतो, मॅडम,” ते म्हणाले. “मोरीचं तिला विचारा. मला माहीत नाही.”

मागच्या रांगेत बायकांमध्ये बसलेल्या जयाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मारुतीरावांना तिथून दिसलं नाही.

निकाल काही त्या दिवशी लागायचा नव्हता. पण बाईंनी जेवायच्या आधी मोरी स्वतः बघायची असं सांगितलं आणि सगळा लवाजमा शिवाराकडे निघाला. नागेंद्र पँट वर दुमडून चिखलात उतरले. सौम्याने टेप काढला आणि एक टोक धरायला कोण आहे म्हणून वर पाहिलं. साईराज भरावावर एकटाच उभा होता. तो चपला काढून खाली उतरला आणि तिच्या हातातलं टोक घेऊन मोरीच्या पलीकडच्या कडेला गेला.

“मला अजून पटलेलं न्हाय, आक्का,” तो तिथून म्हणाला.

“न पटंना का,” सौम्या म्हणाली. “टेप ताठ धर.”